हाँगकाँग ते टोकियो: अंतर बरोबर, पण वेळेवर भरोसा ठेवू नका

दोन शहरांची नावं टाकली की किमी, मैल आणि फ्लाइटचा वेळ सांगणाऱ्या फुकट वेबसाइट असतात ना, त्यातली एक मी नेहमी वापरते, त्याचा हा रिव्ह्यू. उदाहरणाला हाँगकाँग–टोकियो घेते कारण या रूटवर तिची चांगली बाजू पण दिसते आणि लोचा पण.

आधी चांगलं सांगते. अंतर एकदम व्यवस्थित, साधारण २,९०० किमी, आणि नकाशावर सरळ रेघ न मारता पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारा जवळचा रस्ता दाखवते. पेज पटकन उघडतं, लॉगिनची कटकट नाही. यात फुल मार्क.

आता वेळ. जाताना पावणेचार तास आणि येतानाही पावणेचारच! कारण ती काय करते तर अंतराला ताशी ९०० किमीने भागते आणि टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास वर टाकते, बस्स. वाऱ्याचा हिशोबच नाही. आणि जपानच्या वर तर जेट स्ट्रीम वाहते, पश्चिमेकडून पूर्वेकडे, विमानं उडतात साधारण त्याच उंचीवर, हिवाळ्यात कधीकधी ताशी ३०० किमीच्या पुढे. वासाबुरो ओइशी या जपानी हवामान शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात टोकियोजवळच्या तातेनोमधून फुगे सोडून हे वारे मोजले होते, म्हणजे माहिती काही नवीन नाहीये. त्यामुळे थंडीत टोकियोला जाताना गेट ते गेट ४ तासांच्या आसपास लागतात आणि परत येताना ५ किंवा थोडे जास्तच.

आणि खरी गंमत तिकिटावर होते. टोकियोचं घड्याळ हाँगकाँगच्या एक तास पुढे, सो समजा सकाळी १० ला हाँगकाँगहून निघालात, ४ तास उडालात, तर टोकियोत दुपारचे ३ वाजलेले असतात. उलट टोकियोहून १० ला निघून ५ तास उडालात तरी हाँगकाँगला २ च वाजलेत. म्हणजे वेळा बघून वाटतं जाणंच लांबचं आहे, आणि असतं बरोबर उलटं! हे समजावून सांगायला अशी वेबसाइट परफेक्ट जागा होती पण तिथे टाइम झोनचा साधा उल्लेख नाही, मला याचा खरंच राग येतो कारण लोक तो आकडा बघून पुढची कनेक्टिंग फ्लाइट बुक करतात.

अजून एक, टोकियो म्हणजे कुठला एअरपोर्ट तेही विचारत नाही. हानेदा शहरातच आहे पण नारिता मध्य टोकियोपासून ६० किमीच्या वर, नारिता एक्सप्रेसने टोकियो स्टेशनला यायलाच तासभर जातो. हाँगकाँगला एअरपोर्ट एक्सप्रेस २४ मिनिटांत मध्यवर्ती स्टेशनला सोडते, तिथे टेन्शन नाही.

माझ्याकडून ५ पैकी ३ स्टार. अंतर बघायला बिनधास्त वापरा. वेळेसाठी मात्र एअरलाइनच्या टाइमटेबलमध्ये लिहिलेला एकूण प्रवासाचा वेळ बघा, जाण्याचा वेगळा आणि येण्याचा वेगळा. उन्हाळ्यात हे वारे कमजोर होऊन उत्तरेला सरकतात तेव्हा फरक कमी असतो, पण डिसेंबर-जानेवारीत टोकियोहून परत येऊन हाँगकाँगला दुसरं विमान पकडायचं असेल, आणि तेही वेगळ्या तिकिटावर, तर मध्ये भरपूर वेळ ठेवाच.