वनस्पती अर्काची चाचणी: प्लस मेझ, टेल सस्पेन्शन की फोर्स्ड स्विम?

अर्क तयार आहे, माइस (छोटे उंदीर) आली आहेत, पण चिंता आणि नैराश्यासाठी कोणती चाचणी लावायची हे ठरत नाही. अशा वेळी आधी एकच प्रश्न सोडवावा: या अर्काने गुंगी येते का? सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. म्हणून ओपन फील्ड चाचणी (चौकोन आखलेल्या उघड्या पेटीत प्राण्याची हालचाल मोजणे) पर्यायी नाही. ती त्याच मात्रांना, वेगळ्या माइसवर, आधी करून घ्यावी. 5 मिनिटांत ओलांडलेले चौकोन कंट्रोल (अर्क न दिलेल्या) गटापेक्षा स्पष्टपणे कमी किंवा जास्त झाले, तर त्या मात्रेचे पुढचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत.

चिंतेसाठी पहिली पसंती एलिव्हेटेड प्लस मेझला: उंचावर ठेवलेली अधिक-चिन्हाच्या आकाराची मांडणी, दोन भुजा उघड्या, दोन भिंतींनी बंद. माइससाठी भुजा 30×5 सेंमी, रॅटसाठी (मोठे उंदीर) 50×10 सेंमी, रॅटच्या मेझची उंची 50 सेंमी. प्राणी मधोमध ठेवायचा आणि 5 मिनिटे पाहायचे. चारही पाय आत गेले तरच भुजेतला प्रवेश धरायचा. चिंता कमी करणारे औषध उघड्या भुजांतला वेळ वाढवते. बंद भुजांतले प्रवेशही मोजून ठेवा, कारण ते घसरले तर अर्क चिंता घालवत नसून प्राण्याला सुस्त करतो आहे. कंट्रोल गटच अर्धा वेळ उघड्या भुजांत काढत असेल, तर वाढ दिसायला जागाच उरत नाही. प्रकाश आणि हाताळणी तपासा. आणि एक प्राणी मेझवर एकदाच. दुसऱ्यांदा चढवलेल्या प्राण्यात डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाचाही परिणाम दिसेनासा होतो, मग अर्काचा कुठून दिसणार?

लाइट-डार्क बॉक्स (एक उजेडाचा, एक अंधारा कप्पा असलेली पेटी) मांडायला सोपा, प्राणी पडण्याची भीती नाही. पण हालचालीतल्या फरकाने त्याचेही आकडे सहज बदलतात. मेझवर मिळालेला निकाल पडताळायला तो चांगला, एकट्याने पुरेसा नाही.

नैराश्यासाठी खरी निवड दोन चाचण्यांत आहे. टेल सस्पेन्शन 1985 पासून वापरात आहे: शेपटीच्या टोकापासून साधारण 1 सेंमीवर चिकटपट्टी, 6 मिनिटे टांगणे, निश्चल राहण्याचा वेळ मोजणे; नैराश्यावरचे औषध हा वेळ कमी करते. पाणी नाही, त्यामुळे अंग गार पडत नाही. अडचण येते ती सी57बीएल/6 या वाणाच्या माइसमध्ये. ती शेपटीवरून वर चढतात आणि सगळा आकडा वाया जातो. शेपटीवर प्लास्टिकची छोटी नळी ओवली की हे थांबते. वजनामुळे रॅटसाठी ही चाचणी नको.

फोर्स्ड स्विम 1977 ची; इथे प्राण्याला पाण्यात सोडून निश्चलतेचा वेळ मोजतात. माइस 6 मिनिटे पाण्यात, मोजायची शेवटची 4. रॅटला पहिल्या दिवशी 15 मिनिटे, 24 तासांनी 5 मिनिटे, आणि मधल्या वेळात औषधाच्या तीन मात्रा. पाणी 24–25 अंश सेल्सिअस, दर प्राण्याला बदललेले, आणि इतके खोल की शेपटी तळाला टेकता कामा नये. रॅटमध्ये पाणी 30 सेंमी ठेवले तर पोहणे आणि भिंतीवर चढू पाहणे वेगळे मोजता येते. पहिले सेरोटोनिनकडे, दुसरे नॉरअॅड्रेनलिनकडे बोट दाखवते. एवढ्यासाठी हवी असेल तर ही चाचणी घ्या. केवळ पहिल्या चाळणीसाठी प्राण्याला बुडण्याच्या भीतीत टाकणे आम्हाला पटत नाही. माइसवर टेल सस्पेन्शनने काम भागते.

दोन्हींत एक दोष सामाईक आहे. कॅफीनसारखे उत्तेजकही निश्चलता कमी करते. म्हणून नुसत्या या निकालावर 'नैराश्यरोधक' हा शब्द वापरू नये. तो दावा करायचाच असेल तर दीर्घकालीन सौम्य ताण देऊन साध्या पाण्याच्या तुलनेत 1% साखरपाण्याची आवड मोजावी. ताण आणि औषध मिळून कित्येक आठवडे लागतात, बाटल्यांच्या जागा अदलाबदल कराव्या लागतात, आणि गळती कळावी म्हणून रिकाम्या पिंजऱ्यावरही एक बाटली लावावी लागते.

मात्रेचा हिशेब: 25 ग्रॅमच्या माउसला 200 मिग्रॅ/किग्रॅ म्हणजे 5 मिग्रॅ. 10 मिली/किग्रॅ प्रमाणे द्रव 0.25 मिली, म्हणजे द्रावण 20 मिग्रॅ/मिली. आठ माइसना 2 मिली लागते, 3 मिली बनवा. 0.5% सीएमसीत (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या द्रावात) अर्क खाली बसतो. दर वेळी सिरिंज भरण्याआधी हलवले नाही तर पहिल्या आणि आठव्या माउसला वेगवेगळी मात्रा जाते. अर्क तोंडाने 60 मिनिटे आधी आणि डायझेपाम पोटात टोचून 30 मिनिटे आधी देत असाल, तर टोचण्याचा ताण एकाच गटाला होतो. प्रत्येक प्राण्याला दोन्ही मार्गांनी काही ना काही द्या, औषध नसेल तिथे व्हेइकल, म्हणजे औषधाविना नुसता द्रव.

वनस्पतीची ओळख अर्क काढण्याआधीच पक्की करा. 'ब्राह्मी' म्हणून बॅकोपा मोनिएरीही मिळते आणि सेंटेला एशियाटिकाही. 'शंखपुष्पी' या नावाखाली तर कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्होल्व्ह्युलस आणि गोकर्ण असे तिन्ही खपतात. हर्बेरियम नमुना (ओळख पटवलेला, वाळवलेला वनस्पतीचा नमुना) जपून ठेवलेला नसेल, तर मेझवर नेमके काय तपासले ते पुढे कोणालाच सांगता येणार नाही.