ब्रिस्टलचं जॉर्जियन हाऊस : नक्की जा, पण आधी पेरोला भेटा

सीवूड्स-नेरूळमध्ये आमच्या ओळखीत बऱ्याच जणांची मुलं यूकेत आहेत आणि उन्हाळा आला की तिकडे काय काय बघायचं ही विचारणा सुरू होते, म्हणून सविस्तर लिहितेय. लेक ब्रिस्टलला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिने आग्रहाने हे घर दाखवलं. जॉर्जियन म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातलं, आता तिथे म्युझियम आहे. पार्क स्ट्रीटच्या चढावरून आत वळलं की ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर सात नंबर. तिकीट नाही.

घर १७९० च्या सुमाराचं, जॉन पिनी नावाच्या साखरेच्या व्यापाऱ्याचं. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर त्याचे उसाचे मळे, आणि त्यात राबणारी माणसं म्हणजे आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेले गुलाम आणि तिथेच गुलाम म्हणून जन्माला आलेली त्यांची मुलं. तो पैसा घेऊन पिनी १७८३ मध्ये इंग्लंडला परतला आणि मग हे घर उभं राहिलं. हे माहीत नसेल तर घर फक्त सुंदर वाटतं हो, दिवाणखाना, जेवणाची खोली, स्टडीतलं भलंमोठं लाकडी कपाट, खाली स्वयंपाकघर, सगळं जिथल्या तिथे, फोटो काढत माणूस बाहेर पडेल.

म्हणून माझं सांगणं, खालून सुरुवात करू नका. आधी वर जाऊन पिनीच्या मळ्यांची आणि पेरोची माहिती आहे ती नीट वाचा, मगच बाकीचं घर बघा. पेरो जोन्स हा पिनीचा गुलाम नोकर. १७६५ मध्ये पिनीने त्याला नेव्हिसवर विकत घेतलं तेव्हा तो १२ वर्षांचा, सोबत नॅन्सी आणि शीबा या त्याच्या लहान बहिणीही घेतल्या. आमचा नातू आता १२ चाच आहे, ते वाचून मी तिथून हलूच शकले नाही. पुढे पिनीने पेरोला ब्रिस्टलला आणलं, बहिणी तिकडेच राहिल्या. पिनीच्याच गुलामांपैकी फॅनी कोकर या मुलीला त्याने १७७८ मध्ये मुक्त केलं होतं, पेरोला मात्र कधीच नाही, इतकी वर्षं सेवा करून १७९८ मध्ये तो गेला.

हे कळल्यावर खाली उतरलात की तेच घर वेगळं दिसतं. तळघरात थंड पाण्यात बुडी मारायला खोल दगडी हौद आहे, पिनीला गार पाण्याची आंघोळ तब्येतीला चांगली वाटायची. मी काठावर उभी राहून विचार करत होते की मालकाने बुडी मारायची, पण हे पाणी भरणं, हौद घासणं कोणाच्या वाट्याला येत असेल? आमचे हे एरवी म्युझियममध्ये कंटाळतात, तेही तिथे बराच वेळ गप्प होते.

आणि राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामी बंद करायचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना, ज्यांनी आयुष्यभर घाम गाळला त्यांना एक छदाम नाही. पिनीचा मुलगा चार्ल्स, जो ब्रिस्टलचा मेयर होता, त्यालाही ती भरपाई मिळाली.

एक सांगावंसं वाटतं, हे फक्त गोऱ्यांचं प्रकरण म्हणून सोडून देऊ नका. आपल्या बेलापूरचा किल्ला सिद्द्यांचा म्हणून आपण सांगतो, शाळेत जंजिऱ्याचा सिद्दी, सिद्दी जौहर शिकलो, पण ही आफ्रिकेतली माणसं कोकणात आली कशी हे कुठे विचारलं? काही खलाशी, सैनिक, व्यापारी म्हणून आली आणि कित्येक विकली जाऊन. निजामशाहीचा मलिक अंबरसुद्धा लहानपणी इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला.

तिथून उतारावरून चालत बंदरावर जा. १९९९ चा पेरोज ब्रिज आहे, दोन मोठी शिंगं असलेला पादचारी पूल, पेरोच्याच नावाचा. गुलामांच्या व्यापारात पैसा कमावलेल्या कोल्स्टनचा पुतळा ७ जून २०२० ला लोकांनी पाडून याच बंदरात ढकलला, तो आता जवळच एम शेड म्युझियममध्ये आहे, तेही करून टाका.

घरात जिने आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढा, वर जाणं टाळू मात्र नका. हिवाळ्यात काही महिने बंद असतं तेव्हा वेबसाइट बघूनच निघा. अगदी लहान मुलांना कळणार नाही, दहा-बाराच्या पुढच्या नातवंडांना जरूर न्या आणि पेरोचं वय त्यांनाच वाचायला सांगा. माझ्याकडून पाचपैकी पाच.