नागिणीनंतरची आग आणि सात रस्त्याजवळचा रुग्णगट
नागीण बरी होऊन १४ महिने झाले तरी बरगडीखालची आग शमली नव्हती, आणि ज्या सोलापुरी चादरीत लहानपणापासून झोपलो तिचा नुसता स्पर्शही रात्री सोसवत नसे. घरच्यांना हे पटवता पटवता मी थकलो होतो, पण सात रस्त्याजवळ दरमहा जमणाऱ्या, नसांच्या वेदना सोसणाऱ्यांच्या या रुग्णगटात ते सांगताच मधुमेहामुळे पायांच्या नसा दुखणाऱ्या समोरच्या काकूंनी आपले उसवलेले, सैल केलेले मोजे दाखवून मान डोलावली. गॅबापेन्टिन हे नसांच्या वेदनेवरचे औषध अचानक बंद करू नये, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच मात्रा हळूहळू कमी करावी, हे मला तिथेच नीट उमगले. शुल्क नाही. मात्र बैठक दुसऱ्या मजल्यावर, तीही लिफ्टविना भरते, आणि एक सदस्य दर वेळी स्वतःचे तेल खपवू पाहतात, त्यांना कोणीतरी आवरायला हवे.