अ‍ॅसॅसिन्स क्रीड शॅडोज: आठ महिने खेळलो, पण एक गल्ली पाठ झाली नाही

पाडव्याला घेतला होता हा गेम. ३० मार्च, रिलीज होऊन दहाच दिवस झालेले. लोकं पाडव्याला गाडी घेतात, सोनं घेतात, मी पीएस फाईव्हची डिस्क घेऊन आलो आणि बायकोनं गुढीच्या पाटाशेजारी ठेवून तिला हळदकुंकू पण लावलं. टोमणा म्हणून लावलं, पण लावलं. आता नोव्हेंबर संपत आलाय, कन्सोलवर ९२ तास दिसतायत, मेन स्टोरी गणपतीत कधीतरी संपवली, म्हटलं आता लिहायला हरकत नाही.

आधीच सांगतो, हा गेम वाईट नाहीये. पहिल्यांदा खेळणाऱ्याला तर आवडेलच. मी लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी, जे २०१० पासून या सिरीजच्या (जुन्या काळातल्या शहरांत भिंती चढत, लपूनछपून माणसं मारायचे गेम) मागे आहेत आणि दरवेळी म्हणतात यावेळी जमेल बघ.

माझी सुरुवात पंचवटीतली. मावसभावाकडं, म्हणजे दादाकडं ग्राफिक कार्डवाला पीसी होता, आमच्या खानदानात पहिला. त्याआधी मी फक्त सायबर कॅफेत वीस रुपये तासानं व्हाईस सिटी खेळलेलो. दादानं असॅसिन्स क्रीड टू टाकला होता (डीव्हीडी कुठून आणली ते विचारू नका, तेव्हा सगळ्यांचं तसंच होतं). फ्लोरेन्स शहर, एझियो नावाचा पोरगा, रात्री मोठ्या भावाबरोबर शर्यत लावत चर्चवर चढतो आणि दोघं वर उभं राहून शहर बघतात. दादाचं घर जुन्या वाड्यात, वरच्या माळवदावरून आजूबाजूची कौलं, पत्रे, मंदिरांचे कळस दिसायचे. लाईट गेली की आम्ही वर जायचो आणि दादा मला दाखवायचा, हे बघ, इथून त्या पत्र्यावर, तिथून गॅलरीच्या कठड्यावर, मग सरळ देवळाच्या भिंतीवर. मावशी खालून ओरडायची, मेल्यांनो खाली या, पडाल. उडी अर्थात कुणीच मारली नाही. पण वर्षभर मी गावात कुठल्याही भिंतीकडं बघितलं की आधी पाय कुठं ठेवायचा ते शोधायचो.

तर त्या गेममध्ये शंभर पिसं होती. घरांच्या छपरांवर पडलेली पांढरी पिसं, गोळा करायची. ऐकायला किती फालतू वाटतं ना? पण एझियोचा बाप आणि दोन भाऊ सुरुवातीलाच चौकात फासावर जातात. त्यातला धाकटा, पेत्रुच्चो, आजारी पोरगं, तो पिसं जमवायचा. आणि त्या दिवसापासून आईची वाचाच जाते. तुम्ही पिसं आणून तिच्या खोलीतल्या पेटीत टाकायची. ती खाली मान घालून बसलेली असते, काही बोलत नाही. मी आणि दादानं दोन महिने घालवले, वहीत यादी करून, कुठल्या भागातली किती राहिली. शंभर पूर्ण झाली तेव्हा आई बोलली आणि आम्ही दोघं गपचूप बसून राहिलो. बक्षीस काय मिळालं तर एक कोट, जो घातला की प्रत्येक शहरात शिपाई तुमच्यावर धावून येतात. म्हणजे उपयोग शून्य. पण तक्रार कुणी केली? आम्ही तर नाही.

आता शॅडोज. जपान, सोळाव्या शतकाचा शेवट, ओदा नोबुनागाचा काळ. नाओए ही इगा प्रांतातली शिनोबी, म्हणजे निंजा मुलगी आणि यासुके हा नोबुनागाच्या पदरी असलेला आफ्रिकन योद्धा, तो खरोखर इतिहासात होऊन गेलाय. इथंही गोळा करायला आहेच. देवळात जायचं, आवारात विखुरलेली पानं शोधायची, सगळी झाली की ज्ञानाचे पॉइंट. पुढच्या देवळात परत तेच. कुठं ध्यानाला बसायचं, कुठं तलवारीचे हात करायचे, बटणं दाबायची, परत पॉइंट. पॉइंट साठले की पुढची स्किल उघडते. मला एका टप्प्यावर कळलं की मी पानं शोधताना युट्यूबवर क्रिकेटच्या क्लिपा लावून ठेवलेल्या, मोबाईलवर, शेजारी. शंभर पिसांच्या वेळी कुणी मध्ये हाक मारली तरी राग यायचा.

कुणी म्हणेल जुनं ते सोनं म्हणणारा आणखी एक काका आला. नाही हो. जुन्यातही भुसा होताच. २००७ चा पहिला भाग आठवा, त्यात झेंडे गोळा करायचे होते, सगळे मिळून ४२०. आकडाच बोलतो! मिळायचं काही नाही. तपासाची कामं पण तीच तीच, बाकावर बसून चोरून ऐक, खिसा काप, एखाद्याला बुकल. पण दमास्कस, एकर, जेरुसलेम तिन्ही शहरं डोक्यात बसली. मुद्दा भुशाचा नाहीये. मुद्दा असा की तेव्हा जागा पाठ व्हायची.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी गंमत म्हणून पेपरच्या कडेला पेनानं फ्लोरेन्स काढून बघितलं. मोठ्या घुमटाचं चर्च, त्याला लागून उंच मनोरा, तिथून खाली उंच बुरुजाच्या राजवाड्याचा चौक, मग नदी, नदीवर दुकानं असलेला पूल. पंधरा वर्षं झाली, आलं. मग शॅडोजमधलं क्योतो काढायला घेतलं, जिथं मी या वर्षात किमान दहाबारा तास काढले असतील. एक रस्ता आला, एक वाडा आला, पेन थांबलं. अहो काळाराम मंदिरापासून रामकुंडावर उतरायचं म्हटलं तर झोपेत जाईन, कुठल्या बोळात स्कूटर शिरते कुठल्यात नाही ते पण सांगेन, कारण तिथं पायी फिरलोय, चुकलोय. क्योतोत मी चुकलोच नाही. नकाशावर मार्कर लावला, घोड्यावर बसलो, घोडा गेला. डोंगर उतारावर इतकी दाट झाडी की रस्ता सोडून वर चढायला गेलं की नाओए, जी किल्ल्याच्या भिंती चढते, ती घसरत खाली येते. झालं, परत रस्त्यावर. दोनतीनदा असं झालं की माणूस डोकं वापरायचं सोडतो आणि मार्कर पाळतो.

हे काही शॅडोजपासून सुरू झालं नाही. माझ्या मते गाडी दोन ठिकाणी घसरली. एक, २०१२ चा तिसरा भाग. तोपर्यंत आजच्या काळातला डेस्मंड, त्याला त्या अ‍ॅनिमस मशीनमध्ये टाकून पूर्वजांच्या आठवणी काढणारी माणसं, असा एक धागा होता आणि प्रत्येक भाग अशा जागी संपायचा की वर्षभर डोकं खायचं. त्यात डेस्मंडला मारलं, जगाच्या अंतापासून सगळ्यांना वाचवून. ठीक आहे. पण त्याच क्षणी जुनो, ती प्राचीन काळापासून कैदेत असलेली देवीसारखी बाई, सुटली, म्हणजे आता मोठा शत्रू बाहेर आलाय, आता खरी मजा. आम्ही वाट बघितली, वर्षानुवर्षं, आणि त्या जुनोला शेवटी संपवलं कशात, तर कॉमिकमध्ये! गेममध्ये नाही. दादाला हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे पोरीचं लग्न ठरवून अक्षता पोस्टानं पाठवल्या. त्यानं तिथंच सोडलं. शॅडोजमध्ये आजच्या काळाचं म्हणायचं तर एक मेनू आहे, त्यात काही आवाज, काही लिहिलेल्या नोंदी, आणि आठवड्याला थोडी कामं करून बक्षिसं उघडायची. मी दोन आठवडे केलं आणि मग उघडलाच नाही.

दुसरी जागा २०१४. युनिटी आणि रोग (Rogue) असे दोन मोठे भाग एकाच दिवशी आणले. युनिटीची लॉंचच्या वेळची अवस्था जगजाहीर आहे, चेहऱ्याचं कातडं गायब आणि नुसते डोळे अन् दात असलेले ते फोटो सगळ्यांनी बघितलेत, कंपनीनं माफी मागून पुढच्या पुरवण्यांचे पैसे आधीच भरलेल्यांना एक गेम फुकट दिला होता. वाईट वाटतं कारण त्यातलं पॅरिस आजही मला सिरीजमधलं सगळ्यात देखणं शहर वाटतं. मग २०१५ चा सिंडिकेट, मग २०१६ ला मोठा भाग नाहीच, आणि २०१७ ला ओरिजिन्स आला तो पूर्ण बदलून. शत्रूच्या डोक्यावर लेव्हलचे आकडे. मनगटातलं पातं, ज्याच्या एका घावात माणूस खलास व्हायचा, त्यानं आता मोठ्या लेव्हलचा गडी मरेना. इजिप्त सुंदर होतं, त्यातला हिरो बायेक तर एझियोनंतरचा माझा सगळ्यात आवडता, म्हणून चालवून घेतलं. ओडिसीत ग्रीसचा नकाशा अजून मोठा, २०२० च्या व्हॅलहालात इंग्लंड अजून लांबडं. व्हॅलहाला लॉकडाऊनमुळं माझ्याकडून पुरा झाला, नाहीतर आजपण चालू असता. आपल्याकडं मिसळीला रस्सा फुकट असतो म्हणून वाटीवर वाटी मागत जातो आणि मग लक्षात येतं की मटकी कधीच संपलीये, नुसत्या रश्श्यात पाव बुडवत बसलोय, तसं.

बरं, शॅडोजमध्ये चांगलं काय, ते पण प्रामाणिकपणे. अंधार. या सिरीजमध्ये पहिल्यांदा अंधाराला खरी किंमत आहे. एक रात्र आठवते, जुलैमधली, सेकंड शिफ्ट करून अंबडवरून भिजत घरी आलेलो, साडेबारा झालेले, झोप येईना. हिमेजीचा किल्ला लावला. गेममध्येही पाऊस. नाओए पोटावर झोपून सरपटत पहारेकऱ्याच्या मागून जाते, खोलीतले दिवे एकेक करून विझवते, पाऊस असल्यामुळं पावलांचा आवाज कुणाला जात नाही. तळ्यात शिरून बांबूच्या नळीनं श्वास घेत बसते, वरून कंदील घेऊन माणूस जातो. दोन तास मी एकाही माणसाला न मारता वरच्या मजल्यापर्यंत गेलो आणि बाहेर खिडकीवर आमच्या सिडकोतला पाऊस वाजतोय. ते दोन तास वसूल. ऋतू बदलले की तीच जागा बदलते, थंडीत तळं गोठलं की लपायची सोय गेली, छपराच्या कडेला बर्फाच्या सुळ्या लटकतात, धक्का लागला की पडून आवाज. शत्रू एका घावात मरण्याचा पर्यायही सेटिंगमध्ये दिलाय, तो मी पहिल्या दिवशी चालू केला, तुम्हीही करा.

पण मग यासुके. लढायला दणदणीत, दरवाजे फोडतो, माणसं उडवतो, पहिला तासभर लई भारी वाटतं. चढायला मात्र ठोंब्या. या सिरीजची ओळख काय, चढणं आणि उंचावरून गवतात उडी टाकणं, आणि अर्धा हिरो असा दिलाय की त्याला ते नीट जमत नाही. गोष्ट त्याची चांगली आहे, मी फक्त जिथं गोष्टीनं भाग पाडलं तिथंच त्याला घेतलं. ९२ तासांपैकी पंधरा असतील नसतील. आणि मारायच्या लोकांची ती पाटी, वर्तुळंच वर्तुळं, एक टोळी संपली की दुसरी उगवते. शेवटीशेवटी मी नावं वाचणं सोडलं, कुणाला का मारतोय ते आठवत नव्हतं. एझियोच्या यादीतला एकेक माणूस माहीत होता की नाही? बापाच्या खुनात कोणाचा काय हात, तोंडपाठ.

दादाला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, "भो, गेम लांबला नाही, तुझा टाइम आखडला. पोरगी झाली, इएमआय झाला, आता तुला काहीच भारी वाटणार नाही." मला पण तसंच वाटत होतं. पण मग २०२३ चा मिराज काय होता? बगदाद, एक शहर, छोटी गोष्ट, आधी व्हॅलहालाची पुरवणी म्हणून ठरला होता म्हणे आणि मग वेगळा काढला. तीच शिफ्ट, तीच पोरगी, तोच इएमआय, आणि मी तीन आठवड्यात संपवला, रोज रात्री एकदीड तास, आणि बगदादचा नदीकाठ आजपण मला बऱ्यापैकी काढता येईल. गोष्ट तशी फिकीच होती त्याची. तरी पुरं केल्याचं समाधान होतं. दादाकडं याला उत्तर नव्हतं, विषय बदलून तो कुंभमेळ्याच्या रस्त्यांवर गेला.

घ्यायचा का? नवीन असाल तर सेलमध्ये घ्या, रोज थोडा खेळा, नाओएच घ्या, देवळातली पानं सोडून द्या. जुने असाल तर मिराज खेळला नसेल तो आधी बघा. सप्टेंबरात शॅडोजचं अवाजी बेटाचं एक्स्पान्शन, म्हणजे पुरवणी आलं, मी ते घेतलं नाही, आणि घेतलं नाही हे मला महिन्याभरानं लक्षात आलं. याआधी असं कधी झालं नव्हतं.

डिस्क विकायला काढली होती दिवाळीनंतर. गंगापूर रोडचा एक मुलगा बाराशे म्हणत होता, मी चौदाशेवर अडून होतो, जमलं असतं. पण गेममध्ये आपला एक अड्डा असतो, तिथं झाडं, ओटे, जनावरं हवी तशी मांडता येतात, आणि आमच्या सहा वर्षांच्या बाईसाहेबांनी तिथं मांजरं आणून ठेवलीत. प्रत्येकीचं नाव ठेवलंय. रोज संध्याकाळी दहा मिनिटं जाऊन सगळ्यांना हात फिरवून येते, कंट्रोलर माझ्याकडं, हुकूम तिचा. परवा विचारत होती, तो दादा डिस्क घेऊन गेला की चिंगीला दूध कोण देणार. त्या मुलाला मेसेज टाकलाय की सध्या राहू दे.