मासेमारीचे रॉड उभे ठेवायचे की आडवे? घरीच रॅक करणाऱ्यांसाठी

दाराच्या मागे टेकवून ठेवलेला माझा मासे पकडायचा सात फुटी रॉड एका पावसाळ्यात गेला. वाऱ्याने दार आपटलं आणि शेंडा चार इंचांवर तुटला. नाशिकजवळच्या गंगापूर धरणापासून दारण्यापर्यंत सगळीकडे सोबत असलेला रॉड घरात मोडावा, याचं फार वाईट वाटलं. मग आधी आडवा रॅक केला, नंतर घर बदललं तेव्हा उभा. दोन्ही वापरून झाले आहेत, म्हणून हे लिहितोय.

बहुतेक जण आधी मजबुतीचा विचार करतात. त्याची गरज नाही. रील (दोरी गुंडाळायची चकरी) लावलेला साधा रॉड अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, म्हणजे सहा रॉडचे झाले तीन किलो. खरा प्रश्न भिंतीचा आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यात मातीत रचलेल्या विटा असतील तर स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, भोक मोठंच होत जातं. तिथे लाकडी खांब किंवा तुळई शोधा आणि पट्टी तिलाच ठोका. नव्या इमारतींत हलके एएसी (सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक असतात. त्यात ड्रिलचा हातोडा बंद ठेवून भोक पाडा आणि लांब गिट्टी घ्या.

उभ्या रॅकला जागा कमी लागते. खाली मुठी बसवायची भोकांची फळी, वर तीन-साडेतीन फुटांवर खाचांची पट्टी, झालं. दोन रॉडमध्ये चार इंच सोडा, मोठी रीलं असतील तर पाच, नाहीतर हँडल एकमेकांत अडकतात. सहा रॉड अडीच फूट रुंदीत बसतात. वरची खाच खालच्या भोकाच्या बरोबर वर येते का, हे ओळंब्याने बघा. अंदाजाने केलं की रॉड तिरका राहतो आणि शेंडा भिंतीला घासतो. अडचण लांब रॉडची. कटला माशासाठीचा दहा फुटी रॉड छताला टेकतो, आणि पंखा जवळ असेल तर तो रॅक तिथे नकोच. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर सुटा करून ठेवा.

आडव्याला सात फूट मोकळी भिंत हवी, आणि ती फ्लॅटमध्ये सहज मिळत नाही. पलंगाच्या वर किंवा दाराच्या माथ्यावर मिळाली तर मात्र याच्यासारखं दुसरं नाही. शेंडा कुणाच्या वाटेत येत नाही, लहान मुलांचा हात पोहोचत नाही. सात फुटी रॉडसाठी दोन पट्ट्यांत साडेतीन फूट अंतर ठेवा. जवळ लावल्या तर शेंडा खाली लोंबतो. खाचा किंचित वर झुकलेल्या कापा, म्हणजे रॉड निसटत नाही. दोन्ही खाचा एका पातळीत याव्यात म्हणून पाणसळ लागतेच. काढताना दोरीच्या कड्या खाचेत अडकतात, तेवढं सांभाळावं लागतं.

सामानात पीव्हीसी पाइप की लाकूड? पाइप ओलीने फुगत नाही आणि प्लंबरकडे उरलेले तुकडे मिळतात, पण कापलेली कड कानशीने घासली नाही तर रॉडवर ओरखडे पडतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतलं पॅकिंगचं पाइन लाकूड कापायला सोपं. त्यावर बारीक भोकं आणि पिवळी भुकटी दिसली तर घेऊ नका, कीड लागलेली असते. प्लायवुडच्या कडांना वॉर्निश द्या. मी मिश्रण केलंय: खाली पाइपचे कप, वर लाकडी खाचा आणि त्यात सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवलेल्या. रॉडला हेच सगळ्यात मानवलं.

रॅक कुठलाही असो, पावसाने ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा. खिडकीसमोरही नको, तंगूस (रीलवरची नायलॉनची दोरी) उन्हाने कमजोर होतो. रॉड पुसून, रीलचा ड्रॅग (दोरी सुटताना तिला रोखणारा ब्रेक) सैल करून ठेवा, आणि कापडी पिशवीत ओला कधीच बंद करू नका.

आठ फुटांपर्यंतचे चार-सहा रॉड असतील तर मी उभा रॅकच सुचवेन. एकसंध लांब रॉड असेल तर आडवा. भाड्याच्या घरात आधी मालकांना विचारा, आणि नाही म्हणाले तर सगळा उभा रॅक एकाच रुंद फळीवर बांधून ती फळी कपाटाच्या बाजूला घट्ट बांधा.