शस्त्रक्रियापूर्व तपासणी विभाग : रक्त वेळेवर, वाचन उशिरा

वडिलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनिमित्त एका खासगी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियापूर्व तपासणी विभागात आम्हाला चार-पाच फेऱ्या माराव्या लागल्या. रक्त काढणाऱ्या परिचारिकेचा हात हलका होता, ईसीजीसाठी ताटकळावे लागले नाही आणि सगळे रिपोर्ट त्याच संध्याकाळी फाइलला लागले. एवढ्यावरच थांबायचे असते, तर पूर्ण गुण दिले असते.

कोणती तपासणी कशासाठी, हे मात्र तेथे कोणी आपणहून सांगत नाही. हिमोग्लोबिनवरून रक्तस्राव झाल्यास शरीराला तो कितपत सोसेल याचा अंदाज येतो, क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडे औषधे बाहेर टाकू शकतील का हे कळते आणि एचबीए१सी मागील सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे आदल्या दिवशी गोड टाळून तिला फसवता येत नाही. ही माहिती देणारे एक साधे पत्रक हाती पडले असते, तरी ‘इतक्या तपासण्या कशाला?’ ही वडिलांची कुरकुर निम्मी कमी झाली असती. छातीच्या एक्स-रेबाबत ती रास्तच होती. ब्रिटनच्या ‘नाईस’ या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियेपूर्वी तो सरसकट काढू नये, आणि वडिलांना ना खोकला होता ना धाप.

या विभागाची खरी जमेची बाजू म्हणजे तेथील भूलतज्ज्ञ. त्यांनी वडिलांना तोंड पूर्ण उघडायला लावून घसा पाहिला, मान मागे झुकवून पाहिली, एखादा दात हलतो का हे विचारले, दोन जिने न थांबता चढता का आणि घरात पूर्वी कोणाला भुलेचा त्रास झाला होता का, याचीही चौकशी केली. मग फाइल चाळताना त्यांचे बोट एका आकड्यावर थांबले : पोटॅशियम २.९. साधारणतः ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे लागते. रक्तदाबासाठी वडील घेत असलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे ते घटले होते आणि अशा स्थितीत भूल दिल्यास हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, असे त्यांनी समजावून सांगितले. गोळी बदलली, पोटॅशियमचे औषध सुरू झाले आणि शस्त्रक्रिया चार दिवस पुढे गेली.

माझी तक्रार आहे ती येथेच. तो रिपोर्ट तीन दिवस फाइलमध्ये पडून होता आणि ती उघडली गेली शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी, तेव्हा घरी पाहुणेसुद्धा येऊन बसले होते. रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी कोणी त्यावर नजर टाकली असती, तर ठरलेली तारीख कदाचित टळली नसती.

चार दिवसांनी पोटॅशियम ३.९ आले आणि शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. त्या सकाळी घन आहार सहा तास आधी बंद करून साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, असे भूलतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले होते. विभागाच्या छापील कागदावर मात्र ‘रात्री १२ नंतर पाण्याचा थेंबही नको’ असे होते. वडिलांनी कागदाचे ऐकले आणि अकरा वाजेपर्यंत कोरड्या घशाने बसून राहिले.