राणीची बाग, जोडीजोडीने

मुंबईतले भायखळ्याचे प्राणिसंग्रहालय, म्हणजे राणीची बाग, बहुतेक लोक वाघ, पेंग्विन, पाणघोडा अशी यादी संपवत बघतात आणि दोन तासांत बाहेर पडतात. तीच बाग जोड्यांच्या अंगाने बघितली तर तिकिटाचे पैसे दुपटीने वसूल होतात. कोणत्या कक्षात नर-मादी एकत्र सोडली आहेत, कुठे मुद्दाम वेगळी ठेवली आहेत, कुठे दोन पुरेत आणि कुठे दोन म्हणजे एकटेपणच, हे कळायला लागले की पाटी न वाचताही त्या कक्षाचे बरे-वाईट ओळखता येते. हे परीक्षण त्या दृष्टीने केलेले आहे. बागेत अशी फेरी अधिकृतपणे घडवली जाते असे नाही, आपली आपणच करायची.

आधी नियमाचे बोलू, कारण 'जोडी' हा शब्द इथे नुसता कौतुकाचा नाही. देशातल्या प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करणारे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण 1992 मध्ये स्थापन झाले. त्याच्या नियमांनुसार सबळ कारणाशिवाय कोणताही प्राणी एक वर्षापेक्षा जास्त काळ जोडीदाराविना ठेवता येत नाही. जोडीदार मिळत नसेल तर तो प्राणी दुसरीकडे हलवावा, अशी अपेक्षा असते. प्रजननाचे वय उलटलेल्या प्राण्यांना यातून सूट आहे. एका शहरातला वाघ दुसऱ्या शहरात आणि त्या बदल्यात हरणे-पक्षी उलट दिशेने, अशा ज्या अदलाबदली आपण बातम्यांत वाचतो, त्यांच्यामागचे एक मोठे कारण हेच. पण नर आणि मादी एका आवारात आणून ठेवली म्हणजे जोडी जमली, असे होत नाही. खरे काम तिथून पुढे सुरू होते.

सुरुवात वाघापासून करावी, तीही सकाळी साडेनऊला फाटक उघडल्याबरोबर. ऊन चढले की वाघ सावलीत नाही तर पाण्यात पडून राहतो आणि मग काचेसमोर गर्दी असली तरी बघण्यासारखे काही घडत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी इथे आली. 14 नोव्हेंबर 2021 रोजी करिश्माला वीरा ही मादी बछडी झाली. वाघिणीचा गर्भकाळ साधारण 103 दिवसांचा. म्हणजे जोडी ऑगस्टच्या सुरुवातीला लागली असणार, येऊन जवळजवळ दीड वर्ष झाल्यावर. हा वेळ वाया गेलेला नसतो. वाघ एकटा राहणारा प्राणी. जंगलात नर-मादी भेटतात ती मादी माजावर असताना, काही दिवसांपुरती, आणि मग आपापल्या वाटेने जातात. त्यामुळे संग्रहालयात पायऱ्यापायऱ्यांनी जावे लागते. आधी दोघांना शेजारशेजारच्या रात्रीच्या पिंजऱ्यांत ठेवतात, म्हणजे वास ओळखीचा होतो. मग मधली जाळी उघडी ठेवून नजरानजर. मादी जाळीला अंग घासू लागली, जमिनीवर लोळू लागली, नर समोर आला की गुरगुरण्याऐवजी नाकातून फुरफुर करू लागली, की माज आल्याचे समजतात. मगच दोघांना मोकळ्या आवारात एकत्र सोडायचे, तेही दोन्ही बाजूंची दारे तयार ठेवून आणि पाण्याचा जोराचा पाइप हाताशी घेऊन. माज ओसरला की पुन्हा वेगळे.

इथे बिघडते ते दोन प्रकारांनी. घाई केली तर एका फटक्यात मादीचा जीव जाऊ शकतो. जगभरच्या चांगल्या संग्रहालयांतही हे घडलेले आहे. उलट, दोघे बछडेपणापासून एकत्र वाढलेले असतील तर पुष्कळदा एकमेकांकडे जोडीदार म्हणून बघतच नाहीत. तेव्हा एका कक्षात एकच वाघ फिरताना दिसला तर "बिचाऱ्याला एकट्याला ठेवलंय" म्हणून हळहळू नये. वाघाच्या बाबतीत वेगळे ठेवणे हीच चांगली देखभाल. वीराच्या जन्माची आणि नावाची जाहीर वाच्यता जानेवारी 2022 मध्ये, दोन महिन्यांनी झाली, तेही योग्यच होते. पहिलटकरीण वाघिणीला आवाजाचा, अनोळखी वासाचा त्रास झाला तर ती पिल्ले टाकून देते किंवा मारते. म्हणून त्या काळात तिच्या गुहेकडे नेहमीचा एखादाच माणूस जातो, बाकी सगळे कॅमेऱ्यावर.

काचेजवळ उभे राहून एक गोष्ट नक्की बघण्यासारखी आहे. नर आवारात फिरताना एखाद्या खोडापाशी थांबतो, हुंगतो आणि मग वरचा ओठ वर ओढून, नाकावर सुरकुत्या घालून, तोंड अर्धवट उघडे ठेवून काही क्षण तसाच उभा राहतो. मुले त्याला "वाघ चिडला" म्हणतात. तो चिडलेला नसतो. मादीने तिथे मारलेल्या मूत्राच्या फवाऱ्याचा वास तो टाळूतल्या इंद्रियापर्यंत पोहोचवत असतो आणि ती माजावर आहे की नाही, ते त्याला त्यावरून कळते. दोघे वेगळ्या वेळी त्याच आवारात सोडली जात असतील तर हे दृश्य हमखास मिळते. जोडी एकत्र दिसली नाही तरी जोडीचा व्यवहार असा दिसतो. बिबट्यालाही हेच सगळे लागू, फक्त तो उंचावर बसतो, म्हणून नजर फांद्यांवर आणि मचाणावर ठेवायची.

अस्वलांकडे थोडा वेळ पुरे. पिल्ले झाली की नराला दूर ठेवतात, कारण तो पिल्लांच्या जिवावर उठू शकतो. आई मात्र पिल्लांना पाठीवर बसवून फिरते, आणि भारतीय अस्वलाच्या पाठीवरचे लांब केस त्यांना धरायला उपयोगी पडतात. तरस जोडीने बऱ्यापैकी सुखाने राहते. फक्त ते रात्रीचे जनावर, दिवसा बहुधा झोपलेलेच दिसेल.

यानंतर पेंग्विन. इथे घाई करू नये. या बागेतला हाच कक्ष असा आहे की जिथे जोडी हाच खरा विषय आहे. हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याचे. तिथला समुद्री प्रवाह थंड असतो, पण बर्फ नसतो. म्हणून इथले तापमान 16 ते 18 अंश सेल्सिअस राखतात. "बर्फ कुठंय?" असे विचारणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवावे. जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पक्षी आले. त्यातली एक मादी त्याच ऑक्टोबरमध्ये जंतुसंसर्गाने दगावली. मार्च 2017 मध्ये कक्ष लोकांसाठी खुला झाला, तेव्हा तीन नर आणि चार माद्या होत्या: डोनाल्ड, पॉपाय आणि मोल्ट हे नर, डेझी, ऑलिव्ह, फ्लिपर आणि बबल या माद्या. डोनाल्ड-डेझी, पॉपाय-ऑलिव्ह आणि मोल्ट-फ्लिपर अशा जोड्या लागल्या. हिशेब करून बघा, चौथ्या मादीला नरच उरत नाही. जोडीने राहणाऱ्या पक्ष्यांत विषम संख्या ठेवली की हे होणारच. सुट्टी राहिलेली मादी दुसऱ्यांच्या घरट्यापाशी घुटमळते आणि चोचीची भांडणे होतात.

15 ऑगस्ट 2018 रोजी मोल्ट-फ्लिपरचे अंडे फुटले. भारतात जन्मलेले ते पहिले पेंग्विन. आठवडाभरात ते गेले. अंड्यातला बलक शरीरात नीट शोषला न जाणे आणि यकृताचा बिघाड ही कारणे होती. पक्ष्यांच्या नवजात पिल्लांत बलक मागे राहून जाण्याचा हा प्रकार ओळखीचा आहे, आणि पहिल्या खेपेच्या पिल्लात तो दिसला म्हणून आई-बापाला दोष देण्यात अर्थ नाही. पुढे 1 मे 2021 रोजी डोनाल्ड-डेझीला ओरिओ झाला, ऑगस्टमध्ये मोल्ट-फ्लिपरला ऑस्कर झाला आणि मग थवा वाढत गेला.

नर-मादी दिसायला सारखीच असतात. नर जरा थोराड, चोच किंचित जाड, पण खात्री रक्त किंवा पिसाच्या जनुकीय तपासणीनेच होते. मग बघणाऱ्याने जोडी ओळखायची कशी? पंखावरच्या रंगीत पट्ट्या लक्षात ठेवा. एकच दोन पट्ट्या पुन्हा पुन्हा शेजारी दिसल्या की समजावे. दोघे समोरासमोर मान डावी-उजवी हलवत झुकतात, एकमेकांच्या मानेची पिसे चोचीने साफ करतात, घरट्याच्या बिळाशी खडा किंवा काडी आणून ठेवतात. आवाज गाढवाच्या ओरडण्यासारखा, तोही बहुधा घरट्यापाशीच. जोडीतला एक पक्षी बराच वेळ बिळातून बाहेर येत नसेल तर आत अंडे असण्याची शक्यता धरा. अंडी सहसा दोन, उबवण्याचा काळ 40 ते 42 दिवस, आणि आई-बाप पाळीपाळीने बसतात. छातीवर काळा पट्टा नसलेला, करड्या डोक्याचा पक्षी दिसला तर तो वर्षाच्या आतबाहेरचा. त्याची जोडी शोधू नका, अजून वय व्हायचे आहे.

एखादा पक्षी पाण्यात न उतरता, पिसे विस्कटलेल्या अवस्थेत कोपऱ्यात उभा असेल तर लोक लगेच "आजारी आहे" म्हणून रखवालदाराला बोलावतात. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसे एकदम गाळतात. दोन ते तीन आठवडे अंगात पाणी शिरण्याची भीती असते, म्हणून ते पोहत नाहीत आणि आधी साठवलेल्या चरबीवर दिवस काढतात.

कक्षाच्या देखभालीत धोका थंडीचा कमी आणि हवेचा जास्त. बुरशीने होणारा फुप्फुसाचा आजार पाळीव पेंग्विनांचा मोठा शत्रू, म्हणून बंद कक्षात हवा गाळून घेणे वातानुकूलनाइतकेच महत्त्वाचे. दुसरी गोष्ट खाण्याची. बर्फात साठवलेल्या मासळीतले ब-1 जीवनसत्त्व कमी होत जाते, म्हणून ते गोळीच्या रूपाने माशाच्या कल्ल्यात घालून भरवावे लागते. आणि पुढचा खरा प्रश्न रक्ताच्या नात्याचा आहे. सगळा थवा सात पक्ष्यांपासून वाढलेला. भावंडे वयात आली की आपसांत जोडी लावतात, त्यांना नाते कळत नाही. तेव्हा कोणत्या जोडीची अंडी उबवू द्यायची आणि कोणाच्या घरट्यात खोटी अंडी ठेवायची, याची वंशावळ काटेकोर ठेवावीच लागते, आणि कधीतरी बाहेरून नवे पक्षी आणल्याशिवाय गत्यंतर नाही. केवळ पिल्लांची वाढती संख्या हे यशाचे माप धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दर पिल्लामागे आई-बापाची नावे पाटीवर लिहिली तर बघणाऱ्यालाही हे सगळे कळेल.

फोटोसाठी फोन काचेला टेकवून धरा, फ्लॅश बंद. काच वाजवू नका, विशेषतः घरट्यांच्या बाजूची. बाहेर पडल्यावर दमट हवेत चष्मा आणि भिंग दोन्हींवर धुके येते. दोन-तीन मिनिटे थांबायचे, ओल्या भिंगावर रुमाल फिरवायचा नाही.

पाणघोड्यांपाशी पाच मिनिटे न हलता उभे राहा. मोठे जनावर श्वास घ्यायला साधारण तेवढ्या वेळात वर येतेच. दोन मिनिटांत "काही दिसत नाही" म्हणून निघणाऱ्यांचे नुकसान होते. हा कळपाचा प्राणी, दोनावर भागत नाही. नर शेपटीने शेण भिरकावून हद्द आखतो, तेव्हा कठड्यापासून जरा मागे राहिलेले बरे.

हरणांच्या आवारात जोडी शोधणेच चूक. चितळाच्या कळपात नर थोडे आणि माद्या जास्त असाव्या लागतात. नर वाढले की शिंगांनी जखमी होतात, आणि कुणालाच वेगळे केले नाही तर संख्या जागेला पुरत नाही. शिंगे फक्त नराला आणि ती दरवर्षी गळतात, त्यामुळे बिनशिंगी दिसलेले प्रत्येक चितळ मादी नसते. काळवीटाचे सोपे आहे: काळा आणि पिळाची शिंगे असलेला नर, बदामी रंगाच्या माद्या. मगरींच्या टाकीपाशी मुलांना सांगायला एक चांगली गोष्ट आहे. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरते. सुसरीत तर वयात आलेल्या नराच्या नाकाडाच्या टोकाला मडक्यासारखा गोळा येतो, आणि नर ओळखायला तेवढी एक खूण पुरते.

हत्तीबद्दल थोडे कडक बोलावे लागते. हत्तिणी आजी, आई, मुली, मावश्या अशा कुटुंबात आयुष्य काढतात. शहराच्या मधोमध असलेल्या कोणत्याही संग्रहालयात, जागा कितीही नीटनेटकी असली, एक-दोन हत्ती ठेवून त्यांची गरज भागत नाही. एक वर्षाचा नियम इथे तोकडा पडतो, कारण हत्तीला जोडीदार पुरत नाही.

व्यवहाराचे: बाग बुधवारी बंद. तिकीट मोठ्यांना 50 रुपये, 3 ते 12 वर्षांच्या मुलांना 25, आणि आई-वडील व दोन मुले असे चौघांचे 100. निघण्यापूर्वी दर एकदा तपासून घ्या, तिकीट ऑनलाइनही मिळते. भायखळा स्टेशनच्या पूर्वेकडून दहा-पंधरा मिनिटे चालत. वरचा क्रम पाळला, म्हणजे वाघ-बिबट्या, अस्वल, पेंग्विन, पाणघोडा, हरणे, मगरी, तर तीन ते साडेतीन तास लागतात. शनिवार-रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत पेंग्विनपाशी रांग पुढे सरकवत नेतात, पट्ट्या बघत उभे राहायला मिळत नाही. त्यासाठी सोमवार, मंगळवार किंवा गुरुवारची सकाळ धरा. प्राण्यांची नावे आणि जोड्या बदलत असतात, तेव्हा जुन्या बातमीवर विसंबून अमुक वाघ बघायचाच असा हट्ट मुलांपुढे धरू नका. आणि वही-पेन्सिल बरोबर असू द्या. पेंग्विनांच्या पट्ट्यांचे रंग लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी जुनी जोडी टिकली आहे की मोडली, हे तुमचे तुम्हालाच तपासता येईल.